तोल एकट्याचा, तोल जोडीचा

मनुष्याचा चांगुलपणा त्याचा स्वतःचा असतो, की ज्या माणसांत तो वावरतो त्यांच्या जोडीचा असतो, हा प्रश्न जुनाच आहे. घरापासून दूर मुलखात चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींपुढे मात्र तो दर बदलीबरोबर नव्याने उभा राहतो. एका गावी शांत, मनमिळाऊ आणि कामसू म्हणून नावाजलेला गृहस्थ हुकुमासरशी दुसऱ्या गावी जातो, आणि तेथे तोच चिडखोर व हेकट ठरतो. मग पहिल्या गावच्या लोकांची पारख चुकली होती, की दुसऱ्या गावच्या? आम्हांस वाटते, दोघांचीही चुकली नव्हती. हे कसे, ते सांगण्यासाठी आम्ही एक अनपेक्षित दाखला घेणार आहोत. तो आहे जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील फ्लायव्हील आणि क्लच यांच्या तोलाचा. विषय मिस्त्रीच्या कारखान्यातला आहे खरा. पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

दिल्लीत १९६४ साली स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. असल्या फेऱ्यांतून झळाळत जाणाऱ्या गाड्या पाहताना आपली नजर रंगावर आणि पितळेवर खिळते. त्या गाड्या जिवंत ठेवणाऱ्याचे लक्ष मात्र आत फिरणाऱ्या भागांकडे असते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक घट्ट बसवलेले असते. सिलिंडरांतले स्फोट तुटक-तुटक होतात. त्या धक्क्यांतली शक्ती साठवून फिरणे एकसारखे राखणे हे त्याचे काम. त्याच्या पाठीवर क्लचचे कव्हर बोल्टांनी आवळलेले असते, आणि त्या कव्हरातील दाबपट्टी व फ्लायव्हील यांच्या मध्ये क्लच प्लेट धरली जाते. ही प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते, म्हणजे इंजिन आणि चाके यांच्यातील मध्यस्थ तीच. पायाने क्लच दाबला की मध्यस्थ सुटते. पाय उचलला की ती पुन्हा पकडली जाते.

हे सारे फिरणारे भाग गोल असतात. पण गोल दिसणारी वस्तू सर्व बाजूंनी सारखी जड असतेच असे नाही. ओतकामात एका बाजूला थोडा धातू अधिक राहतो, एखादे भोक केसभर सरकते. समजा, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर अवघे १० ग्रॅम वजन जास्त झाले. चांदीच्या जुन्या रुपयाहूनही हे कमी. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना हे १० ग्रॅम सुमारे पावणेदोन किलोच्या ओढीने बाहेर खेचतात. तेवढे कोणाला जाणवतही नाही. परंतु ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाचपट होऊन फेरे ५,००० झाले की ओढ पंचवीसपट होते, म्हणजे सुमारे ४२ किलो. आणि तीही एका दिशेला नव्हे, तर सेकंदातून ८३ वेळा फिरत राहणारी. गाडी थरथरते, बेअरिंगे झिजतात. धातूचा दोष तोच, १० ग्रॅमच. पण सावकाश चालीत त्याला दोष म्हणण्याची वेळ आलेली नव्हती. संथ दिवसांत आपण सारेच समतोल असतो. आपल्या अंगी काय जास्त आहे ते वेग दाखवतो, मग तो वेग मार्चअखेरीच्या गर्दीचा असो की घरातल्या आजारपणाचा.

आता हा तोल साधतात कसा? जड बाजू शोधून काढतात आणि तेथला धातू भोक पाडून काढून टाकतात. पण प्रश्न असा, की भोक पाडावे कोणत्या भागात? येथे दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत आधी क्रँकशाफ्ट एकटाच तोलतात व त्यातला दोष त्यातच दुरुस्त करतात. मग त्यावर फ्लायव्हील चढवून पुन्हा तोलतात. आता जो दोष दिसतो तो फ्लायव्हीलचा, म्हणून धातू फ्लायव्हीलमधूनच काढतात. शेवटी कव्हर चढवतात, आणि राहिलेला दोष कव्हरमध्येच निपटतात. दुसऱ्या पद्धतीत सारे भाग एकत्र जोडून एकदमच तोलतात, आणि जेथे धातू जाड व गिरमिटाला सोयीचा असेल तेथे भोक पाडतात. बहुधा ते ठिकाण फ्लायव्हीलच असते. दोन्ही रीतींनी थरथर सारखीच थांबते. यंत्रावर चढवून पाहिले तर दोहोंतला भेद ओळखूही येणार नाही.

दुसऱ्या पद्धतीला आम्ही नावे ठेवीत नाही. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जिने लोकांना वेड लावले त्या जॅग्वार ई-टाइप मोटारीचे उदाहरण घ्या. तिच्यात फ्लायव्हील आणि क्लच हे जोडीनेच तोललेले असत, आणि दोहोंच्या कडेवर 'बी' हे अक्षर ठोकलेले असे. क्लच काढून पुन्हा बसवताना ती दोन अक्षरे समोरासमोर आलीच पाहिजेत, अशी कारखान्याची ताकीद होती. एकाचे जडपण दुसऱ्याच्या हलकेपणासमोर येऊन विरून जाते. मात्र कव्हर अर्धा फेरा फिरवून बसवले तर जे एकमेकांना सावरत होते तेच एकाच बाजूला खेचू लागतात. दोघे चांगले, पण एका ठराविक नात्यातच चांगले. ते नाते विसरू नये म्हणून ती खूण.

खरी अडचण काही दशकांनी येते. कव्हर झिजते, मालक बाजारातून नवे आणतो. नवे कव्हर बनवणाऱ्याने आपल्यापरीने तोलून दिलेले असते. ते बसवले की गाडी थरथरू लागते. मालक नव्या कव्हराला दोष देतो, मिस्त्रीही मान डोलावतो. वास्तविक नवे कव्हर निर्दोष असते. जुन्या कव्हराचे जडपण झाकण्यासाठी कधीकाळी फ्लायव्हीलमधून धातू काढलेला असतो. ज्याच्यासाठी काढला तो गेला, भोक मात्र राहिले. आता आयुष्यभर दुसऱ्याचा तोल सांभाळणारा भागच तोल गेलेला ठरतो.

आमच्या मते नीतीचा प्रश्न नेमका येथे आहे. घरात शांतता आहे एवढ्यावरून ते घर न्यायाचे ठरत नाही. ती शांतता कोणाचा धातू खरवडून आणली, हे विचारावे लागते. एका भावाचा संताप वहिनीच्या मौनाने तोललेला असतो. एका अधिकाऱ्याचा विसरभोळेपणा एखादा गरीब सहायक रात्री जागून भरून काढीत असतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, काय सुरळीत चालले आहे! पण दुरुस्ती दोषाच्या जागी झालेली नसते, जेथे गिरमिट सहज शिरले तेथे झालेली असते. मऊ स्वभावाच्या माणसाचे दुर्दैव हेच, की भोक नेहमी त्याच्यातच पाडले जाते. पुढे तो अधिकारी बदलून जातो, नवा टापटिपीचा साहेब येतो, आणि त्या सहायकाची जागरणे व सतत मागे-मागे असण्याची सवय नव्या साहेबाला लुडबूड वाटते. त्याच्या गोपनीय अहवालात काय लिहिले जाईल, ते सरकारी नोकरीतील वाचकांना सांगायला नको.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने आपल्यापुरतेच तोलून राहावे, कोणाशी जोडी जमवूच नये. हेही आम्हांस पटत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात दोन माणसे एकमेकांच्या उण्याअधिकाशी बेतली जातात, त्यात कमीपणा नाही. प्रेमाचा अर्थच बव्हंशी तो आहे. अट एवढीच, की ती 'बी'ची खूण दोघांनाही दिसत राहावी. माझा तोल हा माझा एकट्याचा नाही, त्यात समोरच्याने आपले काही काढून दिले आहे, एवढे भान ज्याला आहे त्याची जोडी न्यायाची. ज्याला ते भान नाही तो स्वतःला स्थितप्रज्ञ समजत बसतो, आणि जोडीदार नाहीसा झाला म्हणजे पहिल्यांदा थरथरतो.

मात्र या रचनेतला तिसरा भाग आम्ही अजून बाजूला ठेवला आहे, तो म्हणजे क्लच प्लेट. फ्लायव्हील आणि कव्हर यांना खुणेप्रमाणे एकमेकांसमोर बसवता येते; प्लेटला ती सोय नाही. दर वेळी क्लच सुटला आणि पुन्हा लागला की ती नव्या कोनात पकडली जाते. कोणत्या क्षणी तिची कोणती बाजू फ्लायव्हीलच्या कोणत्या बाजूसमोर येईल याचा नेम नाही. म्हणून तिला कोणाच्या जोडीने तोलून चालतच नाही. ती एकटीच, स्वतःच्या ठायी तोललेली असावी लागते.

बदलीच्या चाकरीतला मनुष्य घरी कव्हरासारखा असेल, पण कचेरीत तो क्लच प्लेट आहे. खिडकीसमोर उभा राहणारा अर्जदार आज रागावलेला येईल, उद्या घाबरलेला, परवा आपली भाषाही न जाणणारा. त्याने आमच्या स्वभावाचे उणेअधिक भरून काढावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. तो कोणत्याही कोनात आला तरी थरथर होऊ नये, ही जबाबदारी सर्वस्वी आमची. पहिल्या गावी जो सज्जन आणि दुसऱ्या गावी जो हेकट ठरला, तो ढोंगी नव्हता. त्याचे तोलणे जोडीने झाले होते आणि जोडी मागे राहिली होती, इतकेच. त्याने नव्या गावाला दोष देण्यापूर्वी मागच्या गावी आपल्यासाठी कोणाकोणात भोके पडली होती, ते एकदा मोजावे.

संपूर्ण समतोल कोणत्याच यंत्रात नसतो. एका रांगेतील चार सिलिंडरांच्या इंजिनात फिरणारा प्रत्येक भाग कितीही अचूक तोलला तरी पिस्टनांच्या वर-खाली होण्यातून एक बारीक कंप उरतोच. तो त्याच्या जन्माचा आहे, आणि म्हणून इंजिन रबरी बैठकीवर ठेवतात. माणसातही असा थोडा कंप राहणार, आणि तो सोसून घेणारी बैठक आप्तेष्टांनी द्यावी हे रास्तच आहे. पण जो कंप काढता येण्याजोगा आहे तो काढावा, आणि काढताना गिरमिट आधी आपल्याकडे वळवावे.