चावी फिरवणाऱ्याचा दोष किती?

सांगलीच्या विश्रामबागेत पाणी सोडायची वेळ झाली की चेंबरचं झाकण सरकतं, टी-आकाराची लांब चावी आत उतरते आणि स्पिंडलच्या चौकोनी टोकावर बसते. मग आडवा दांडा धरून माणूस गोल फिरू लागतो. बारा इंची स्लुइस व्हॉल्व्हला साधारण पस्तीस-चाळीस फेरे. दांडा आखूड असेल तर जोर जास्त लागतो. चेंबर भिंतीला खेटून असेल तर फेरा पुरा होत नाही. चावी उपसायची, पुन्हा बसवायची. व्हॉल्व्ह अर्धवट राहिला, तर शिव्या मात्र चावीवाल्याला.

कर्म नक्की कोणाचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्यांचं भाष्य. हा विचार कीर्तना-प्रवचनांत बहुधा अहंकार गळावा म्हणून सांगतात. पण यशाचा धनी एकटा कर्ता नसेल, तर चुकीचाही तो एकटा कसा?

हाच प्रश्न 1979 साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर उभा राहिला. पाणीपुरवठ्याचे आपत्कालीन व्हॉल्व्ह बंद होते आणि ते दाखवणारा एक दिवा देखभालीच्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने कर्मचाऱ्यांच्या चुका नोंदवल्याच. पण अपुरं प्रशिक्षण आणि नियंत्रण कक्षाची सदोष रचना यांवरही ठपका ठेवला.

मग दोष रचनेचाही असेल, तर चावीचे फेरेच कमी करावेत? तसंही नाही. व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर वाहतं पाणी अडून दाबाची लाट उठते, पाइप फुटू शकतो. काही कष्ट पाण्याच्या स्वभावातूनच आलेले असतात. आखूड दांडा, अडचणीतला चेंबर, ग्रीसअभावी जाम झालेला स्पिंडल यांना मात्र ती सबब चालत नाही.

गंजलेल्या स्पिंडलला ‘नशीब’ म्हणून सोडून देणं सोपं असतं. खरं तर तो साधनांच्या रकान्यात जायला हवा, आणि तिथे आराखडा काढणारा, खरेदी करणारा, देखभालीचा खर्च मंजूर करणारा असे सगळे येतात. विश्रामबागेत ही माणसंही फार लांबची नाहीत. 1947 साली सुरू झालेलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सची किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात 1910 साली वसली.

यामुळे चावीवाला सुटत नाही; पाचांत कर्ताही आहेच. स्पिंडल जड झाल्याचं त्याने वेळेवर कळवलं होतं का, आणि कळवल्यावर वरच्यांनी काय केलं, हे दोन्ही प्रश्न एकाच चौकशीत यायला हवेत.