शब्द कोणाचे, सांत्वन कोणाचे?



आज मी तुमच्यापुढे एक कबुली देणार आहे. काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली देवाघरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दफनविधी होता. आठवडाभर धावपळ झाली होती, डोके चालत नव्हते. रात्री अकरा वाजता मी मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला माउलीचे वय, मुले-नातवंडे एवढे सांगितले आणि प्रवचन मागितले. अर्ध्या मिनिटात प्रवचन हजर! भाषा सुरेख, बायबलमधले संदर्भही योग्य.

दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले, की नाव तेवढे बदलले तर हे कुठल्याही माउलीच्या दफनाला चालेल. मी ते पुसून टाकले. सकाळी मिस्सेपूर्वी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर सून बसली होती. ती म्हणाली, "फादर, आमचं फारसं कधी पटलं नाही. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर रोज पहाटे माझ्या उशाशी पेज असायची." तिच्या संमतीने मी त्या पेजेविषयी बोललो. प्रवचन काही फार चांगले झाले नाही, पण ते त्या माउलीचे होते.

यंत्राजवळ मन मोकळे करण्याची ओढ आजची नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. आपण जे लिहू त्याचाच प्रश्न करून तो परत विचारत असे, एवढीच त्याची करामत. त्याला काही कळत नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी हे काम होताना पाहिले होते, एलायझाशी थोडे बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागल्या! वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि पुढे १९७६ मध्ये त्यांनी या प्रश्नावर पुस्तक लिहिले. आजची यंत्रे एलायझाहून कितीतरी पटींनी हुशार आहेत. मग ओढही तेवढीच वाढणार.

कोणी विचारील, "फादर, प्रार्थनापुस्तकातले शब्द तरी आपले कुठे असतात?" प्रश्न रास्त आहे. पण ते शब्द आपण उघडपणे उसने घेतो. सर्वांना ते ठाऊक असते, आणि ते म्हणण्यासाठी आपण दुःखी माणसाच्या घरी जाऊन गुडघे टेकतो. यंत्राकडून लिहून घेतलेला सांत्वनाचा निरोप मात्र असे भासवतो, की मी तुझ्यासाठी थांबलो, तुझा विचार केला. प्रत्यक्षात मी थांबलेलोच नसतो. शब्द खरे असले तरी त्यांच्यामागचे थांबणे खोटे असते.

ईयोबाचे मित्र आठवा. त्याचे दुःख पाहून ते सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तेच त्यांचे खरे सांत्वन होते. त्यांनी विद्वत्तेने बोलायला सुरुवात केली आणि तिथेच बिघडले. शब्द यंत्रही देऊ शकते. सात दिवस जमिनीवर बसणे त्याला जमणार नाही, कारण त्याच्यापाशी गमवायला वेळच नाही. आपले आयुष्य मोजके आहे, म्हणून आपण दिलेल्या एका तासाला मोल आहे.

ख्रिस्तसभा तंत्रज्ञानाला शत्रू मानत नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात तिचे फायदे मान्य केले आहेत, पण यंत्राला खरी सहानुभूती अनुभवता येत नाही हेही स्पष्ट सांगितले आहे. अर्ज लिहायला, आजाराची माहिती समजून घ्यायला, मुलांच्या अभ्यासाला तिचा खुशाल उपयोग करा. मीही करतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. एखादी एकटी आजी रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईलमधल्या यंत्राशी बोलत असेल, तर तिला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? ते यंत्र तिचे निदान ऐकून तरी घेते. दोष असलाच तर आपला आहे. मुले परदेशी असली तरी शेजारी आपण आहोत, चर्चचा घंटानाद ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटे काम. ज्या घरी यंदा कोणी वारले आहे, अशा एका घरी जा. मेसेज नको, फुलांचे चित्रही नको. काय बोलावे सुचले नाही तर बोलू नका, अर्धा तास नुसते बसा. मी बुधवारी संध्याकाळी त्या सुनेच्या घरी जाणार आहे.

प्रभू येशू लाजरच्या कबरेपाशी स्वतः चालत गेला आणि रडला, हे आपण विसरू नये.

तुमचा ख्रिस्तबंधू,
प्रमुख धर्मगुरू