कमानीखाली

पहाटे कारंज्याच्या दिल्ली वेशीसमोर उभे राहा. वाशीम जिल्ह्यातल्या या तटबंदीच्या जुन्या गावाला चार वेशी. आज एकीपाशीच थांबू. बाजार अजून उघडलेला नाही. मान वर करा. दोन्ही बाजूंनी चढत गेलेले दगड माथ्यावर एकमेकांना भेटतात, ती कमान. शब्द हळूच ओठांवर आणा.

कमान. आपल्याकडे हा फारसीतून आला. तिथे कमान म्हणजे धनुष्य. तीरकमान म्हणताना तो अर्थ आपल्या तोंडी असतो, वेशीखालून जाताना मात्र आठवत नाही. डोळे मिटा. डोक्यावर धनुष्य आहे, असे मनाने पाहा.

आता जरा लांब जाऊ. मध्ययुगीन युरोपात एक दणकट, आडवे, घोडा दाबून बाण सोडायचे धनुष्य होते. इंग्रजीत त्याला आर्बलेस्ट म्हणत. लॅटिन आर्कस म्हणजे धनुष्य, बॅलिस्टा म्हणजे फेकयंत्र; फ्रेंचांच्या जिभेवर झिजून दोन्हींचा एक शब्द झाला. जर्मनांनी त्याचे आर्म्ब्रुस्ट केले, आणि त्यांच्या कानाला त्यात हात आणि छाती ऐकू येऊ लागली. परक्या शब्दाला आपले अवयव देऊन घरात घेणे मला फार लोभस वाटते. शस्त्र मात्र भयंकर. ११३९ साली रोमच्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांवर ते चालवायला मनाई केली. ती फारशी कोणी पाळली नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड अशाच बाणाच्या जखमेने गेला.

त्याच आर्कसपासून इंग्रजीतला आर्च आला. आर्च म्हणजे कमान.

श्वास सोडा. इथे घाई नको. तिकडे धनुष्याचा दरवाजा झाला, इकडेही झाला.

धनुष्य ताण साठवते आणि एका क्षणात दुसऱ्याच्या अंगावर सोडते. कमानही भार घेते, पण तो दगडाकडून दगडाकडे देत खाली जमिनीत नेते. बाण सुटत नाही. शेकडो वर्षे सुटलेला नाही.

या कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याची धनुकलीही होती. तिच्या तातीच्या टणत्काराने कापूस फुलायचा, गाद्या भरायच्या.

डोळे उघडा. वेशीच्या दगडावर तळवा टेकवा. तो पहाटेचा गार आहे. खालून कापसाची गाडी जाईल; तिला वाट द्या.