कॅप्टन मेलाच पाहिजे

ब्रुकलिनमधल्या कोपऱ्यावरच्या दुकानात एक पांढराफटक माणूस एटीएम चोरायला येतो. अंगभर काळी भोकं. एका भोकात हात घालावा तर तो भलत्याच भोकातून बाहेर निघतो. माइल्स मोरालेस म्हणजे स्पायडरमॅन. त्याला हसू आवरत नाही. शाळेत आईबाबा समुपदेशकासमोर ताटकळत बसलेत, उशीर होतोय, आणि समोर हे ध्यान. असले खलनायक आठवड्याला एक येतात, म्हणून तो त्याला झटकून टाकतो. ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या 2023 च्या चित्रपटातला अनेक विश्वांमधला पाठलाग या झटकण्यातून सुरू होतो.

या माणसाला स्पॉट म्हणतात. आधी तो शास्त्रज्ञ होता. मागच्या चित्रपटात माइल्सने जे यंत्र उडवलं, त्याच्या स्फोटात तो सापडला आणि त्याला ही भोकं पडली. नोकरी गेली, चेहरा गेला, घरचे तोंड बघेनात. त्याला पैसा नको, राज्यही नको. माइल्सने आपल्याला तोलामोलाचा शत्रू मानावं, एवढंच त्याचं मागणं आहे.

हसण्यावारी नेलेला माणूस फार लांब जातो.

स्पायडरमॅनच्या घराण्यात हे जुनंच आहे. 1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला पहिल्यांदा कागदावर उतरवलं, त्या पहिल्याच गोष्टीत एक चोर पहिल्या स्पायडरमॅनच्या, पीटर पार्करच्या, समोरून पळतो. पीटर त्याला अडवत नाही. आपलं काय जातंय, अशी ती तऱ्हा. तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांना मारतो. तेव्हापासून त्याचे सगळे पाठलाग एका न केलेल्या पाठलागाची भरपाई आहेत.

*

एका विश्वातून दुसऱ्या विश्वात उडी मारायची वाट अमेरिकी कॉमिक्समध्ये 1961 साली रुळली. गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या ‘फ्लॅश’च्या 123 व्या अंकात तेव्हाचा फ्लॅश, बॅरी अ‍ॅलन, वेगाच्या भरात दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथे त्याला जे गॅरिक भेटतो. जे हा 1940 सालचा फ्लॅश, आणि बॅरीच्या लेखी लहानपणी कॉमिक्समध्ये वाचलेलं काल्पनिक पात्र. ही शक्कल मला अजून आवडते. आपण ज्याला गोष्ट समजत होतो तो कुठेतरी खरोखर राहतो, त्याचं वय झालंय, आणि आपण दार वाजवलं तर तो उघडतो.

पुढे मात्र हा धंदा झाला. नायक मेला तर दुसऱ्या पृथ्वीवरून आणा; खलनायक खपतोय तर आणखी एक काढा. पृथ्व्या इतक्या वाढल्या की 1985 साली डीसी कंपनीला बारा अंकांची मालिका काढून त्या निकालात काढाव्या लागल्या. बॅरी त्याच मालिकेत मेला. बऱ्याच वर्षांनी तोही परत आला.

भौतिकशास्त्राला यात ओढण्यात अर्थ नाही. ह्यू एव्हरेटने 1957 साली प्रिन्स्टनमध्ये मांडलेल्या कल्पनेत विश्वाला फांद्या फुटतात, पण या फांदीवरून त्या फांदीवर जायची सोय त्याने ठेवलेली नाही. जायची सोय लेखकांनी केली. ती त्यांनी कोणासाठी केली, हे बघण्यासारखं आहे.

*

पहिला खलनायक किंगपिन. त्याची बायको व्हनेसा आणि मुलगा त्याला स्पायडरमॅनला मारताना बघतात, घाबरून गाडीतून पळतात आणि अपघातात मरतात. मागच्या, म्हणजे 2018 च्या चित्रपटात तो ब्रुकलिनखाली अवाढव्य यंत्र बसवतो ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या कुठल्या तरी विश्वातली व्हनेसा आणि दुसरा मुलगा ओढून आणावा. शेवटच्या मारामारीत यंत्रातून उजेड फाकतो आणि ती दोघं क्षणभर दिसतात. किंगपिन तेव्हा स्पायडरमॅनला बडवतच असतो. ती दोघं तेच बघतात आणि तशीच मागे सरकतात.

वांडा या जादूगारणीचंही असंच. 2022 च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये ती एका मुलीच्या मागे विश्वामागून विश्व पालथं घालते. तिला हवी आहेत तिची दोन मुलं, जी तिच्या स्वतःच्या जगात आता नाहीत. अखेर ती मुलांच्या घरात पोचते. मुलं तिच्याकडे बघतात आणि भितात.

दुसऱ्या विश्वात माणसं तीच मिळतात. नातं नव्याने कमवावं लागतं, आणि तेवढा वेळ कुठल्याच यंत्रात नसतो.

तिसरा मिगेल ओ’हारा. हा खलनायक नाही, उलट सगळ्या विश्वांतल्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या आहे. एका विश्वात त्याला आपलाच अवतार सुखाने संसार करताना दिसला, लहान मुलीसह. तो अवतार मारला गेला तेव्हा मिगेल गुपचूप त्याच्या जागी जाऊन बाप झाला. दिवस बरे गेले. मग ते विश्व विरघळू लागलं आणि ती मुलगी त्याच्या हातांतच नाहीशी झाली.

किंगपिन, वांडा आणि मिगेल यांची इच्छा एकच. तिघांना वेगवेगळ्या रांगांत आपण उभं करतो. मिगेलने त्या अनुभवातून नियम काढला, आणि स्वतः नियम मोडून पोळलेला माणूस पुढे नियमाचा सर्वांत कडक पहारेकरी होतो. असे लोक कचेरीत असतात, घरातही असतात. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते मुद्दा मांडतच नसतात, जखम दाखवत असतात.

*

आपल्याकडेही एक बाई या वाटेने गेली होती. योगवासिष्ठातली लीला राणी. नवरा मरतो, ती त्याचं शव फुलांनी झाकून ठेवते, आणि सरस्वतीच्या कृपेने तो आता कुठे आहे ते बघायला निघते. तो दुसऱ्या एका जगात राजा होऊन दरबारात बसलेला असतो. तिला तिथे कोणी पाहत नाही. विशेष म्हणजे दरबारातले कितीतरी चेहरे तिच्या इथल्या दरबारातलेच निघतात. परतल्यावर ती रात्रीची माणसं उठवायला लावते: आपली माणसं इथे आहेत ना, एवढी खात्री करायला. या कथेत खलनायक नाही. यंत्र नाही, कोणाला ओढून आणणंही नाही. राणी आधी बघते, मग विचारते. आमच्या नायकांनी हा क्रम उलटा केला आहे.

आणि जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, असं ज्या जगात घडलं तिथे ते जाऊन पडतात. पानिपत जिंकलेलं आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाला याहून मोठी लॉटरी कुठली? पण मुंबईत पोचताच ते आधी आपल्या मुलाची चौकशी करतात. त्या नावाचं इथे कोणी नाही, असं उत्तर मिळतं. मग ते ग्रंथालयाकडे वळतात. पानिपत जिंकण्याची किंमत नारळीकरांनी एवढ्या एका चौकशीत सांगून टाकली, आणि त्यावर भाष्य केलं नाही. शास्त्रज्ञाचा हा संयम लेखकांना क्वचित जमतो.

*

स्पॉटच्या मागे माइल्स मुंबॅटनला येतो. मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांवर रचलेलं शहर. खरं सांगायचं तर स्पॉटच्या मागे निघालेली असते ग्वेन, दुसऱ्या विश्वातली स्पायडरवुमन आणि माइल्सची मैत्रीण, आणि ग्वेनच्या मागे माइल्स. बरेचसे पाठलाग असेच असतात. पुढच्याच्या पुढे कोण पळतंय ते मागच्याला नीट ठाऊक नसतं. मुंबॅटनचा स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. केस राखण्यात आणि वाहतुकीवर विनोद करण्यात पटाईत. चित्रपट भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती.

हा पवित्र मूळचा 2004 च्या चार अंकी कॉमिक्समधला. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि जीवन कांग यांचा. तिथे तो खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतरामुळे शाळेत चिडवला जाणारा मुलगा होता. कोळी चावून शक्ती मिळायच्या जागी एका योग्याकडून मिळते. शत्रूचा राक्षस होतो. म्हणजे बदलता येईल तेवढं सगळं बदललं. पण एका बाईला गुंड त्रास देत असताना पवित्र निघून जातो, भीमकाका मधे पडतात आणि भोसकले जातात. न्यूयॉर्क सुटलं, कोळी सुटला, काकाचं मरण सुटलं नाही.

आता चित्रपटातलं मुंबॅटन. इमारत कोसळते आहे, इन्स्पेक्टर सिंग एका लहान मुलाला वाचवायला धावतात. ते पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे वडील. वरून ढिगारा येतो. माइल्स झेपावतो आणि सिंगांना ओढून काढतो. लोक आनंदाने ओरडतात. थोड्याच वेळात शहराच्या मधोमध काळं भोक पडायला लागतं.

मिगेल मग माइल्सला समोर बसवून नियम समजावतो. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात. त्यांतली एक अशी, की त्याच्या जवळचा पोलिस कॅप्टन एका मुलाला वाचवताना मरतो. तो मेलाच पाहिजे. नाही मेला तर ते विश्व फाटतं. आणि माइल्सचे वडील जेफरसन आता कॅप्टन होणार आहेत.

हा नियम आला कुठून? ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 90 व्या अंकातून. 1970 साली स्टॅन लींनी त्यात कॅप्टन जॉर्ज स्टेसीला मारलं: पडत्या विटांखालून एका मुलाला वाचवताना. तीन वर्षांनी त्याच कॅप्टनची मुलगी, कॉमिक्समधली ग्वेन, पुलावरून पडली. पीटरच्या जाळ्याने तिला झेललं, आणि त्या झेलण्याच्या हिसक्यानेच तिची मान मोडली. ही मरणं गाजली. मग पुढच्यांनी ती उचलली, त्यांच्या पुढच्यांनी उजळणी केली. एका माणसाने एका महिन्याच्या अंकासाठी घेतलेला निर्णय पन्नास वर्षांत निसर्गनियम झाला.

हे लिहिताना मी कॉमिक्सबद्दलच लिहितोय असं नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे असंच असतं, असं म्हणणाऱ्याला पहिल्यांदा असं कोणी केलं, हे सहसा सांगता येत नाही. निदान कॉमिक्सवर अंक क्रमांक छापलेला असतो.

*

माइल्स नाही म्हणतो. इथे सगळा चित्रपट कूस बदलतो. आतापर्यंत नायक खलनायकाच्या मागे होता. आता शेकडो नायक एका पोराच्या मागे लागतात. घोड्यावरचा स्पायडरमॅन, डायनासोर स्पायडरमॅन, मांजर, मूल कडेवर घेतलेला. यातल्या बहुतेक प्रत्येकाचा कोणी ना कोणी गेलेला आहे. माझा गेला तर तुझा का राहावा, असं कोणी बोलत नाही. पळण्याच्या आवेशात ते दिसतं.

तेवढ्या वेळात स्पॉट मोकळा आहे. ज्याला धरायचं त्याला सोडून, ज्याने प्रश्न विचारला त्याच्या मागे सगळं खातं. जाळी टाकण्यात हे लोक तरबेज आहेत. कोणावर टाकायची, हे मिगेल सांगतो.

ग्वेनला हे उशिरा कळतं. तिचे स्वतःचे वडील पोलिस कॅप्टन. घरी गेल्यावर ती त्यांना सामोरी जाते, आणि ते सांगतात की मी नोकरी सोडली. कॅप्टनच उरला नाही, तर मरणार कोण? विश्वांचा हिशेब चुकवणारा एवढा साधा उपाय मिगेलच्या एवढ्या मोठ्या कचेरीत कोणाला सुचला नव्हता.

माइल्स मात्र घरी पोचत नाही. परत पाठवणारं यंत्र अंगातल्या जनुकांवरून पत्ता ठरवतं, आणि ते वाचतं त्याला चावलेल्या कोळ्याची जनुकं. तो कोळी 42 क्रमांकाच्या पृथ्वीवरचा. स्पॉट शास्त्रज्ञ असताना त्यानेच तो तिथून आणलेला. म्हणून माइल्स 42 व्या पृथ्वीवर पडतो, जिथे कोळी चावायला उरलाच नाही आणि स्पायडरमॅन कधी झालाच नाही. आई तीच, खोली तीच. तो तिला सांगतो, मी स्पायडरमॅन आहे. ती विचारते, तो कोण? इथे वडील मेलेले आहेत आणि माइल्सच्या जगात मेलेला काका जिवंत आहे. काका त्याला बांधून घालतो. मग मुखवटा काढून समोर उभा राहतो तो इथला प्राउलर, म्हणजे गुन्हेगार: माइल्स मोरालेस, केसांच्या वेण्या घातलेला, वडिलांशिवाय वाढलेला.

खलनायकाच्या मागे इतकी विश्वं ओलांडली की शेवटी आपण कुठे पोचतो, ते लेखकांनी नीट ओळखलं आहे.

हे सगळं बघून मिगेलला मूर्ख ठरवणं सोपं आहे, आणि मी तसं करणार नाही. त्याने एक जग खरोखर संपताना पाहिलं आहे. एक बाप एका पारड्यात आणि अख्खं शहर दुसऱ्यात, असा तो हिशेब मांडतो, आणि असा हिशेब मांडणारा माणूस नेहमीच दुष्ट नसतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्याने हिशेब तपासलेला नाही. मुंबॅटनमध्ये सिंग वाचले आणि भोक पडलं हे खरं. पण त्याच्या जरा आधी, त्याच शहरात, स्पॉटने तिथल्या यंत्रात उतरून आपली ताकद कितीतरी पटींनी वाढवून घेतली, हेही खरं. दोन्हींतलं कारण कोणतं, याचं उत्तर चित्रपटाने अजून दिलेलं नाही. पुढचा भाग 2027 साली येणार असल्याचं जाहीर झालं आहे.