पाऊलखुणा आणि खिळ्यांच्या खुणा

पुनरुत्थानकाळातील दुसरा रविवार (दैवी दयेचा रविवार)
शुभवर्तमान : योहान २०:१९-३१



अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेला ब्लफ क्रीक नावाचा एक ओढा आहे. भोवती उंच झाडांचे घनदाट अरण्य. १९५८ साली तेथे रस्त्याचे काम चालू असताना जेरी क्रू नावाच्या बुलडोझर चालकाला मातीत माणसासारखीच, पण सुमारे सोळा इंच लांबीची पावले उमटलेली दिसली. त्याने त्यांचा प्लास्टरचा ठसा घेतला, वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि ‘बिगफूट’ म्हणजे ‘मोठ्या पावलांचा’ हे नाव सर्वत्र पसरले. १९६७ साली त्याच ओढ्याकाठी रॉजर पॅटरसन व बॉब गिमलिन या दोघांनी जेमतेम मिनिटभराची एक फिल्म घेतली. केसाळ अंगाची एक आकृती दोन पायांवर चालत जाते, क्षणभर मागे वळून पाहते आणि झाडीत नाहीशी होते. तेव्हापासून कित्येक माणसे पाठीवर पिशवी आणि हातात कॅमेरा घेऊन, कधी कधी अगदी एकटी, जंगलात रात्री जागवत आली आहेत.

त्यांच्या हाती काय लागले? एका शोधकाने पाठवलेले केस अमेरिकेच्या एफबीआय संस्थेने तपासले. १९७७ साली उत्तर आले : हे केस हरणाच्या कुळातील प्राण्याचे आहेत. २०१४ साली ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने अशाच तीस नमुन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. ते सारे अस्वल, घोडा, गाय अशा माहीत असलेल्या प्राण्यांचेच निघाले. आणि १९५८ची ती पावले? जेरी क्रू ज्यांच्याकडे कामाला होता ते कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारले. तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठाली पावले बाहेर काढली आणि ती सारी त्यांनी केलेली गंमत होती, असे सांगितले.

आपण या शोधकांना हसू नये. एका आवाजासाठी ते रात्रभर कान देऊन बसतात. आपल्याला पवित्र साक्रामेंतासमोर दहा मिनिटे शांत बसवत नाही. शिवाय पुरावा मागणारा एक माणूस आजच्या शुभवर्तमानातही आहे. प्रेषित थॉमस म्हणतो, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही.

पुनरुत्थानाच्या त्या संध्याकाळी सारे शिष्य दार लावून एकत्र बसले होते. थॉमस तेवढा बाहेर होता. का, ते शास्त्रात सांगितलेले नाही. पण आपल्या घरांतून पाहिले तर अंदाज येतो. जिवाभावाचे माणूस गेले की कोणी रोझरीला येईनासा होतो. ‘मला एकट्याला राहू द्या,’ म्हणतो. मिस्सा सुटते, मग लोकांत मिसळणे सुटते. शंका मनात येते तेव्हा ती बहुधा अशा एकटेपणातच वाढते.

आता पुढचे पाहा. इतर शिष्यांनी थॉमसला अविश्वासू म्हणून हाकलून दिले नाही. आठ दिवस तो आपली शंका घेऊन वावरला आणि आठव्या दिवशी त्यांच्यातच बसलेला होता. तेथे, बंद दारातून, प्रभू आला. त्याने थॉमसचेच शब्द थॉमससमोर ठेवले : बोट इकडे आण, माझे हात पाहा. म्हणजे थॉमस बोलला तेव्हा कोणीतरी ऐकत होते. ज्याला आपण शोधत होतो तोच आपल्याला शोधत आला आहे, हे थॉमसला उमगले आणि त्याच्या तोंडून विश्वासाची कबुली निघाली.

पाऊलखूण ही निघून गेलेल्याची खूण असते. ती लाकडातही कोरता येते. परंतु प्रभूच्या हातांवरील खुणा हे अंगावर सोसलेल्या प्रेमाचे व्रण आहेत आणि ते अंगावर घेणारा आपल्यासमोर उभा आहे.

२०२४च्या डिसेंबरची एक दुःखद घटना सांगतो. ऑरेगॉन राज्यातील दोन पुरुष नाताळच्या आदल्या दिवशी बिगफूटच्या शोधात शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचोट अरण्यात गेले. ते परतले नाहीत म्हणून घरच्यांनी नाताळच्या मध्यरात्रीनंतर कळवले. साठच्या आसपास स्वयंसेवक आपला सण सोडून हिमात, पडलेल्या झाडांतून तीन दिवस त्यांना शोधत राहिले. अखेर दोघांचे मृतदेह मिळाले. थंडीने आणि अपुऱ्या तयारीने त्यांचा बळी घेतला होता. प्रभू त्यांना चिरशांती देवो.

ज्याच्या शोधात ते गेले, तो त्यांच्या मदतीला आला नाही. पण हरवलेल्यांसाठी साठ माणसे थंडीत उतरली. हरवलेल्या मेंढरामागे रानात जाणारा मेंढपाळ असाच असतो. देवाची दया म्हणतात ती हीच. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली आजचा रविवार या दयेला वाहिला.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही असा एखादा थॉमस असेल. आई गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेला शेजारी असेल, ‘देव आहे कशावरून?’ असे विचारणारा आपलाच मुलगा असेल. त्याला वाद घालून जिंकता येणार नाही. या आठवड्यात त्याच्या घरी जा. चहा घ्या, त्याचे ऐका, त्याची जागा अजून राखलेली आहे एवढे त्याला कळू द्या. बंद दारातून आत येण्याचे काम प्रभूचे आहे. त्या आठ दिवसांत थॉमसची संगत न सोडण्याचे काम आपले आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्ही तुला शोधू लागण्याआधीच तू आम्हाला शोधत आलास. जे एकटे पडले आहेत त्यांच्यापर्यंत आमची पावले ने. आमेन.