‘वय झालं’ म्हणण्याआधी

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीत संध्याकाळी बागेत बसलेल्या आजी-आजोबांना रात्री काय जेवता विचारा. ‘आता आम्हाला काय लागतं? कपभर चहा, दोन खारी.’ कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी सुटलेली, उसळ बाधते, दूध चहात पडेल तेवढंच. मग गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली जाते आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’

हे निदान फार घाईचं असतं, असं माझं ठाम मत आहे. या विसरण्यामागे बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीवही असू शकते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरांतच उणीव जास्त! हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नाही. ते मासे, मटण, अंडी आणि काही प्रमाणात दूध-दह्यातून मिळतं. वेसाव्याची मासळी रोज दारावर आली, तरी शाकाहारी घराला तिचा काय उपयोग?

म्हातारपणी यात भर पडते. जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर शोषण आणखी घटतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ही झीज लवकर लक्षातही येत नाही. मज्जातंतूंवरचं आवरण बिघडलं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा आणि चिडचिड वाढते.

प्रत्येक विसरण्यामागे हेच कारण नसतं. अल्झायमर गोळीने बरा होत नाही, आणि ज्यांचं बी-१२ पुरेसं आहे त्यांची स्मरणशक्ती इंजेक्शनांनी वाढल्याचं दिसलेलं नाही. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२६० जणांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष हे सगळं एकत्र केल्यावर फायदा दिसला. म्हणूनच स्मरणशक्तीसाठी एकट्या बदाम-अक्रोडावर भिस्त ठेवू नये.

पण बी-१२ची उणीव भरून काढता येते, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंचं काही नुकसान कायमचं राहतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्त सुधारतं, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. म्हणून आई-वडिलांचं विसरणं वाढलं, तर डॉक्टरांकडे न्या, थायरॉइडबरोबर बी-१२ही तपासायला सांगा. आणि रात्री त्यांच्या ताटात चहा-खारीऐवजी मऊ खिचडी, वाटीभर दही, चालत असेल तर अंडं वाढा. शक्य तेव्हा त्यांच्या शेजारी बसून जेवा.