एका मात्रेचे अंतर

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन प्रयोगांत अंतर आहे ते केवळ एका मात्रेचे. पहिला बारशाच्या दिवशीचा, पाळण्यावर वाकून मायेने उच्चारलेला. दुसरा चारचौघांत हिणवण्यासाठी केलेला. दोन्ही क्रियांत नाव ठेवणाऱ्याचे बळ, ज्याला नाव ठेवले जाते त्याच्यापेक्षा अधिक असते, एवढे साम्य मात्र आहे. पाळण्यातल्या मुलाला नाव नाकारता येत नाही आणि गावकुसाबाहेर ढकललेल्या समाजालाही ते शतकानुशतके नाकारता आले नाही. हिणवण्यासाठी वापरलेला शब्द त्या समाजाने स्वतःहून उचलावा, मिरवावा आणि त्याचा काटा मोडावा का, या प्रश्नाचा विचार म्हणूनच शब्दाच्या अर्थापासून नव्हे, तर नाव ठेवण्याच्या अधिकारापासून सुरू करावा लागतो.

अवमानवाचक शब्द आणि शिवी यांत भेद आहे. शिवी एका माणसाला दिली जाते आणि बहुधा भांडणाबरोबर संपते. अवमानवाचक शब्द जन्माने मिळालेल्या ओळखीलाच दोष ठरवतो आणि म्हणून तो एकाला उद्देशून उच्चारला तरी साऱ्या समाजाला लागतो. असा शब्द उलटवण्याचे प्रयत्न जगात जुने आहेत. १५६६ साली ब्रुसेल्सच्या दरबारात अर्ज घेऊन गेलेल्या नेदरलँड्समधील सरदारांची ‘भिकारी’ म्हणून हेटाळणी झाली, तेव्हा त्यांनी तेच नाव आपल्या बंडाला दिले. १९०६ मध्ये लंडनच्या एका दैनिकाने मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांची थट्टा करण्यासाठी ‘सफ्राजेट’ हा शब्द घडवला आणि १९१२ मध्ये त्याच शब्दाच्या नावाने त्या स्त्रियांचे नियतकालिक निघाले. ‘विचित्र’ या अर्थाचा ‘क्वीअर’ हा शब्दही इंग्रजी जगात हेटाळणीतून चळवळीच्या फलकावर आणि तेथून विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात पोहोचला.

नाशिकच्या इतिहासात या प्रश्नाची उलटी बाजू दिसते. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक प्रमुख सूत्रधार आणि दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे सुपुत्र भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड हे १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात निवडून गेले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३८ मध्ये, स्थानिक मंडळांविषयीच्या कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गायकवाडांनी त्याला विरोध केला. अस्पृश्य हे तेवढे देवाचे जन असतील तर बाकीचे कोणाचे, अशा आशयाचा त्यांचा सवाल होता. बहुमताच्या जोरावर विरोध फेटाळला गेल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभात्याग केला. गांधीजींनी पुरस्कारलेला तो शब्द शिवी नव्हता, उलट गोड होता आणि तो सुचवणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. तरीही तो नाकारला गेला, कारण ज्यांना तो चिकटवायचा होता त्यांना कोणी विचारलेच नव्हते. शब्द कडू की गोड यापेक्षा तो कोणी ठेवला, हा प्रश्न आधीचा आहे, हे त्या दिवशी एका नाशिककराने सभागृहाच्या कामकाजात नोंदवून ठेवले.

नाकारणे ही एक वाट झाली. दुसरी वाट टाकून देण्याची. नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेल्या धर्मांतराच्या घोषणेची परिणती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाली आणि लाखो लोकांनी जुन्या धर्माबरोबर जातीचे नावही मागे ठेवून ‘बौद्ध’ ही ओळख धारण केली. या दोन वाटांच्या आधीची, लाचारीची वाट लपवण्याची होती. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील कथासंग्रहाचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे शीर्षक तिची आठवण देते. ‘चोरणे’ या क्रियापदाचा मराठीत ‘लपवणे’ असाही अर्थ होतो, पण त्याला गुन्ह्याचा वास आहे. भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवणारा माणूस चोर ठरतो आणि जात विचारणारा मात्र साव राहतो, ही व्यवस्थेची तऱ्हा त्या एका क्रियापदात सापडते.

उचलण्याची वाट, म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचा गाभा, यानंतर येते. तिचे सर्वांत नेमके उदाहरण शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ मधील ‘अक्करमाशी’ या आत्मकथनाचे शीर्षक होय. बारा मासे म्हणजे एक तोळा, हे सराफकट्ट्यावरचे जुने वजन. तोळ्याला एक मासा कमी भरले ते अक्करमासी, म्हणजे कमअस्सल, आणि त्यावरून विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या संततीला हिणवण्यासाठी हा शब्द रूढ झाला. माणसाचे वजन तोळा-माशात करणारा हा शब्द लेखकाने मुखपृष्ठावर छापला, तेव्हा वाचकाची नजर कमी भरलेल्या माशावरून ताजव्याकडे वळली. अस्पृश्य आईचा आणि सवर्ण बापाचा मुलगा कमअस्सल ठरतो, पण त्या बापाच्या वजनात गुंजभरही घट होत नाही, तर तो ताजवा कोणाच्या हातात आहे, असे ते शीर्षक विचारते. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ मधील ‘उचल्या’नेही तेच केले. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, त्यांतल्या एकीला चिकटलेले नाव त्या पुस्तकाने साहित्य अकादमीच्या पुरस्कारापर्यंत नेले.

‘दलित’ हा शब्द या यादीत बसतो असे वाटते, पण तो थोडा वेगळा आहे. तो शिवी म्हणून जन्मला नाही. ज्या धातूपासून मराठीतले ‘दळणे’ आले त्याच धातूचे ते कर्मणी भूतकालवाचक रूप आहे. त्याचा अर्थ ‘दळला गेलेला’, ‘भरडला गेलेला’ असा होतो. व्याकरणात असे रूप कर्त्याची अपेक्षा निर्माण करते, म्हणजे दळला गेला असेल तर कोणीतरी दळले आहे. ‘हरिजन’ शब्दात हा कर्ता अदृश्य होतो, ‘दलित’ शब्दात त्याच्याकडे बोट जाते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने हे नाव मिरवले आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांनाही त्यात सामावून घेतले. तरीही हा शब्द सर्वांनी मान्य केला नाही. भरडले जाणे ही आपली ओळख का असावी, असे विचारून ‘बौद्ध’ किंवा ‘आंबेडकरी’ म्हणवून घेणारे अनेक होते आणि आहेत. दुसरीकडे, २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरण्याची सूचना केली, तेव्हा स्वतः निवडलेले नाव वरून काढून घेतले जात आहे, असा आक्षेप याच समाजातून आला.

उत्तरेत निवड वेगळी झाली. सहारनपूर जिल्ह्यातील घडकौली गावाच्या वेशीवर ‘द ग्रेट चमार’ असा फलक लागला आणि पंजाबची तरुण गायिका गिन्नी माही हिने ‘डेंजर चमार’ हे गाणे लोकप्रिय केले. जे जातिनाम शिवीसारखे फेकले जात होते, तेच तेथे छाती पुढे काढून उच्चारले गेले. महाराष्ट्रात बहुसंख्यांनी जातिनाम टाकले, तरी १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या मानचिन्हावर तेच नाव आजही सन्मानाने आहे. यावरून एवढे स्पष्ट होते की, उचलणे शूरपणाचे आणि टाकणे पळपुटेपणाचे, अशी वर्गवारी टिकत नाही. त्या दोन्ही एकाच अधिकाराच्या दोन अंमलबजावण्या आहेत.

उचलण्याच्या वाटेवरचे धोके मात्र खरे आहेत. लेखकाने मुखपृष्ठावर छापलेला शब्द त्याच्या मागे पुस्तकभर स्पष्टीकरण घेऊन उभा असतो. तोच शब्द शाळेच्या मागच्या बाकावरून एखाद्या मुलीच्या पाठीवर फेकला जातो, तेव्हा तिच्या मागे कोणी उभे नसते. शहरातल्या व्यासपीठावर ज्याची धार बोथट झाली, तो शब्द गावच्या पाणवठ्यावर तेवढाच कापतो. शिवाय समाज म्हणजे एक मुख नव्हे. एकाने उचललेला शब्द दुसऱ्यावर लादला गेला, तर पुन्हा विचारल्यावाचून नाव ठेवणेच झाले. तिसरा धोका समाधानाचा. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. परंतु पाटी बदलल्याने वस्तीपर्यंतचा रस्ता, पाणी आणि स्मशानभूमी यांचे प्रश्न सुटत नाहीत. हे जसे पाटी बदलण्याला लागू आहे, तसेच शब्द उलटवण्यालाही.

मग एकाने उच्चारला तर अभिमान आणि दुसऱ्याने उच्चारला तर अपराध, हा पक्षपात नव्हे काय, अशी तक्रार वारंवार केली जाते. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. २००८ च्या स्वर्णसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, जातिनामाचा कोशातला मूळ अर्थ काय आहे यापेक्षा ते आज कोणत्या अर्थाने आणि कोणत्या हेतूने उच्चारले जाते, हे पाहिले पाहिजे. अपमानाच्या हेतूने उच्चारलेले नाव अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. घरातली आजी नातवाला लाडाने ‘मेल्या’ म्हणते. वाटेवरच्या तिऱ्हाइताने तोच शब्द वापरला तर शिवी होते, आणि यात कोणाला पक्षपात दिसत नाही. शब्दाच्या अर्थात बोलणाऱ्याचे नाते मिसळलेले असते. आजीच्या शब्दामागे माया असते. उचललेल्या अवमानवाचक शब्दामागे सोसलेला घाव असतो. तो ज्याने सोसला नाही, त्याला तो शब्द उसना मिळत नाही.

म्हणून ‘त्यांनी हा शब्द उचलावा का’ या प्रश्नावर बाहेरच्यांनी निवाडा देणे हे नाव ठेवण्याच्या जुन्या अधिकाराचेच नवे रूप ठरते. उचलावे, टाकावे की नाकारावे, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि आपसांत मतभेद राहिले तर तेही त्यांचेच. बाहेरच्यांच्या वाट्याला येणारे काम वेगळे आणि कमी दिमाखाचे आहे. सरमिसळ भाषेला सहज ‘धेडगुजरी’ म्हणताना त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांत एका समाजाचे तुच्छतेने घेतलेले नाव आहे, हे सुशिक्षित बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वाईट माणसे सगळीकडेच असतात असे सांगण्यासाठी ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण वापरताना वाईटाला कोणत्या वस्तीचा पत्ता दिला जातो, तेही तपासले जात नाही. हे शब्द कोणी उचलण्याची वाट न पाहता, ज्यांच्या तोंडी ते आहेत त्यांनी आधी ठेवून द्यायचे आहेत. ‘नावे ठेवणे’ यातली ती एक मात्रा पुसण्याचे काम ज्याने ती लावली त्याचेच आहे.